तो स्टॉक कोणाचा

सी प्लस प्लसच्या प्रॅक्टिकलला मी खुर्चीच्या कडेवरच बसलो होतो. वाशीच्या आमच्या कॉलेजात कम्प्युटर लॅबबाहेर चपला काढाव्या लागत. आत एसी. पाय गार, हातांना घाम. वर्षभर एका मशीनवर आम्ही दोघं असायचो. पार्टनरच्या घरी स्वतःचा कम्प्युटर होता.

"तू पण टाइप मार ना थोडं," तो म्हणायचा.

"नको, तूच कर."

परीक्षेला मात्र मी एकटाच.

गोदामाचा 'क्लास' लिहायचा होता, म्हणजे साठ्याचा आकडा आणि त्यावर काम करणारी फंक्शनं एकत्र ठेवणारा प्रोग्रॅमचा भाग. माल आला की साठा वाढावा, विचारला की दिसावा. वडील एपीएमसीच्या घाऊक बाजारात कांद्याच्या गोण्या उचलायचे, त्यामुळे गोदाम मला नवीन नव्हतं. आधी पन्नास गोण्या टाकल्या, मग तीस. स्क्रीनवर भलताच उणे आकडा आला. पुन्हा चालवलं, तरी तेच. एरर नव्हती, नुसत्या वॉर्निंग होत्या. त्या मी कधी वाचत नसे. इथं नापास म्हणजे वर्ष गेलं. आणि नेमकं काय चुकलं, हे घरी कोणत्या शब्दांत सांगणार? दहावीच्या पुढं गेलेला घरातला मीच पहिला. प्रोग्रॅम वर-खाली करत राहिलो. टेबलाखाली पाय हलत होता, तो थांबेना.

बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या परीक्षक मॅडम मागं उभ्या राहिल्या.

"किती स्टॉक आहेत रे तुझ्याकडे?"

"एकच, मॅडम."

"मोज."

एवढंच बोलून त्या पुढं गेल्या. मी स्क्रीनवर बोट ठेवून मोजू लागलो. क्लासमध्ये सगळ्यात वर 'int stock' होता; पुढं 'int' लिहिलं की त्या नावाचा नवा आकडा तयार होतो. मग सुरुवातीला शून्य करणाऱ्या फंक्शनमध्ये पुन्हा 'int stock'. माल वाढवणाऱ्यात पुन्हा. दाखवणाऱ्यातही. नाव तेच, पण प्रत्येक फंक्शनचा आपापला, आणि फंक्शन संपलं की तोही संपणारा. वरचा स्टॉक त्या तिघांसाठीच ठेवलेला होता, पण त्याला कोणी हातच लावला नव्हता.

खालचे तिन्ही 'int stock' खोडले, म्हणजे सगळी फंक्शनं वरचाच स्टॉक वापरतील. पुन्हा चालवलं. ऐंशी.

तोंडी परीक्षेत मॅडमनी विचारलं, "सगळीकडे परत डिक्लेअर कशाला केलास?"

"वरचा तसाच वापरला तर चालेल का, कळत नव्हतं."

"अरे, त्याच क्लासचं फंक्शन ना ते? त्याला परवानगी कसली?" त्यांनी जर्नलवर सही केली. "पास आहेस. आता तो पाय हलवणं थांबव."

बाहेर येऊन चपला घातल्या. दाराशी पाण्याचा कूलर होता. वर्षभर मी घरून बाटली आणत होतो. तो स्टाफचा की आमचा, कधी विचारलंच नव्हतं. शेजारी स्टुलावर शिपाई बसले होते.

"काका, हे पाणी आमी..."

"पी की! इचारतोस काय?"

दोन ग्लास प्यायलो. तरी पिताना एकदा मागं वळून पाहिलंच.