साहेबांची बायको हौदात पडते तेव्हा

मूकपट दाखवल्याबद्दल गोंगाटाची तक्रार ओढवून घेतलेला माणूस अख्ख्या युरोपात एकच असणार, आणि ते माझ्या बायकोचे मामा आहेत. राहायला जर्मनीत, बॉबलिंगेनला, आणि शेजारच्या झिंडेलफिंगेनच्या मोटारींच्या कारखान्यात उभी हयात काढून निवृत्त झालेले. निवृत्त इंजिनिअरपुढे इथे साधारण दोन वाटा असतात. बागेचा तुकडा भाड्याने घेऊन टोमॅटो लावायचे, नाहीतर दोन्ही हातांत काठ्या घेऊन जंगलातून उगीचच चालत सुटायचं. मामांनी तिसरीच काढली. बॉनला ओळखीच्यांकडे बारशाला म्हणून गेले होते, तिथल्या फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, त्यांना हाताने फिरवायचा एक प्रोजेक्टर आणि डबाभर फिल्म सापडल्या. बारसं राहिलं बाजूला. मामी पाळण्यापाशी ताटकळत उभ्या, आणि हे बाजारातल्या म्हाताऱ्याकडून हँडल फिरवायला शिकतायत. त्या बाळाचं नाव काय ठेवलं, हे मामांना आजही सांगता येत नाही.

डब्यात होते ते सिनेमा नुकता जन्माला आला तेव्हाचे, इंग्लंडातल्या कुणा हौशी गृहस्थाने काढलेले छोटे छोटे मूकपट. मूळ फिल्म नव्हेत, पुढे कुणीतरी काढलेल्या प्रती. एकेक फिल्म चहा गाळून होईपर्यंत संपते. या गृहस्थाला मामा ‘साहेब’ म्हणतात, आणि तेही इतक्या घरोब्याने, की लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा ‘साहेबांनी काल पुन्हा बादलीत पाय घातला’ हे ऐकून मला त्यांच्या कारखान्यातल्या वरिष्ठांची काळजी वाटली होती. “आल्झो, तर मग जावईबापू,” मामा पडद्याच्या चादरीकडे बोट दाखवून म्हणाले, “साहेबांचं काम बघा! मागच्या अंगणात कॅमेरा लावलाय, स्वतःच शिपाई झालेत, कुत्रं घरचंच, आणि बायकोला हौदाशी उभी केलीय. नवऱ्याच्या एका शब्दावर ती माउली अंगावरच्या कपड्यांनिशी हौदात पडते. आणि आमच्याकडे?” त्यावर स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला, “हौद आणा, पडते.”

हा त्यांचा ठरलेला संवाद. मामी कधीही बाहेर येऊन फिल्म बघायच्या नाहीत. रविवारी चारला खेळ, त्यासाठी मामा प्रत्येकाला रीतसर टेर्मिन देणार. दवाखान्यात देतात तशी वेळ. चार म्हणजे चार. आपली मंडळी पावणेपाचला आली की दारातच “गेनाऊ, अगदी बरोब्बर! शिपाई पडून गेला, आता कुत्रं उरलंय” असं स्वागत होणार. मामी या काळात बटाटेवडे तळत असतात आणि तळता तळता मामांवर टीका करत असतात. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. “अहो, मूकपट आहे ना तो? मग तुम्ही का ओरडताय?”

कारण मामा गप्प बसून फिल्म दाखवूच शकत नाहीत. उजव्या हाताने आरतीच्या लयीत हँडल फिरवायचं आणि तोंडाने सगळ्यांचे आवाज काढायचे, अशी त्यांची पद्धत. पडद्यावरचे सगळे इंग्रज मामांकडे मराठीतच बोलतात. त्यातला शिपाई कोल्हापूरचा आहे. चोर धुणं घेऊन पळाला की मामा छपराला पोहोचेल अशा आवाजात ओरडतात, “थांब की रे ए! कुठं पळतुयास?” हौदातून निथळत वर येणारी, छत्री उगारणारी साहेबांची बायको मात्र खास पुण्याची. “बघून पळता येत नाही? सरकारी पगार कशाचा घेता?” कुत्र्याच्या वाट्याला एकच वाक्य आहे, ते अगदी शेवटी आणि अत्यंत थकलेल्या सुरात येतं. “चला, जेवायला वाढा.” मामींनी मध्येच आतून काही टोमणा मारला, तर मामांचा हात जोरात फिरतो आणि बिचारा शिपाई जिवाच्या आकांताने पळायला लागतो. पडद्यावरच्या धावपळीवरून त्या घरातलं हवामान ओळखता येतं.

तक्रार केली ती खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींनी. रविवार हा इथे शांततेचा वार. भिंतीत खिळा ठोकायचीही पंचाईत, तिथे आमचा कोल्हापुरी शिपाई. आजी वर आल्या, दारात उभ्या राहून करड्या आवाजात त्यांनी विचारलं, की इथे नक्की चाललंय काय? मामांनी खरं ते सांगितलं. “श्टुमफिल्म.” मूकपट. आपली थट्टा चाललीय असं वाटून आजी लाल झाल्या. मग मामांनी त्यांना हाताला धरून आत बसवलं आणि पहिल्यापासून सगळं दाखवलं. तेव्हापासून आजी चारला पाच कमी असताना केक घेऊन हजर असतात. मराठीतलं एक अक्षर कळत नाही, पण छत्री वर जायच्या आधीच हसायला लागतात.

गेल्या हिवाळ्यात मामांच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्रावर गाठ होती. सुदैवाने साधी निघाली, पण महिनाभर शब्द काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आवाज पूर्वीसारखा येईलच याची खात्री नाही, हेही जर्मन पद्धतीने सरळ तोंडावर सांगितलं. घरी येऊन मामांनी प्रोजेक्टर पलंगाखाली ढकलला आणि भिंतीकडे तोंड करून झोपून राहिले. आम्हाला फोन आला तो मामींचा. “रविवारी चारला या. मशीन मी बाहेर काढलंय. हे मानेने नको म्हणतायत, पण आता यांचं ऐकतंय कोण?”

आम्ही सगळे वेळेवर पोहोचलो, यातच काय ते समजा. मामा हँडलपाशी बसले होते, गळ्याला मफलर. फिल्म सुरू झाली. चोर आला, धुणं उचललं, शिपायाने तोंड उघडलं आणि काहीच ऐकू आलं नाही. नुसती प्रोजेक्टरची घरघर. तो मूकपट आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं, आणि खरं सांगतो, बघवेना. जर्मन आजीही हसल्या नाहीत. मामांचा हात मंदावत चालला. शिपाई आता पळत नव्हता, अंत्ययात्रेत चालावं तसा चालत होता. हात थांबणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, “थांब की रे ए! कुठं पळतुयास?”

मामी दारात उभ्या होत्या, हातात झारा. इतक्या वर्षांत एकदाही चादरीकडे न बघितलेल्या या बाईला एकूणएक शब्द पाठ होता, आणि नुसता कानांनी टिपून ठेवलेला तो शब्द चित्रावर नेमका बसत होता. शिपाई झाला, चोर झाला. मामांचा हात आरतीच्या लयीत आला. मग शिपायाचा धक्का लागला, साहेबांची बायको हौदात पडली, निथळत वर आली, तिने छत्री उगारली. मामींनी झारा उगारला. पण सरकारी पगाराचं वाक्य काही आलं नाही. मामांकडे बघत त्या म्हणाल्या, “अहो, पडले हो हौदात! झालं समाधान?”

मामा आवाज न करता हसत होते. खांदे गदगद हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि डाव्या हाताने त्यांनी मफलर घट्ट धरून ठेवला होता. मलाही आवरलं नाही. वडे करपल्याचा वास आला तेव्हा कुठे मामी आत पळाल्या.

आता मामांचा आवाज आलाय, पण घोगरा, समोर बसलेल्यांपुरता. शिपाई, चोर, बाई हे सगळे मामी करतात, मामांकडे फक्त कुत्रं उरलंय. ‘चला, जेवायला वाढा’ हे वाक्य त्या घोगऱ्या आवाजात इतकं शोभतं, की आजी टाळ्या वाजवतात. हातही हल्ली जरा हळू फिरतो. शिपाई पूर्वीइतका जोरात पळत नाही, आणि साहेबांची बायको हौदात अगदी सावकाश पडते. आमच्या सगळ्यांच्या ते लक्षात आलंय. पडू दे तिला सावकाश.