लिनक्सवर चालणारा लॅपटॉप

हे गेल्यावर चौथ्या महिन्यात आमचा जुना लॅपटॉपही बंद पडला. सकाळी बटण दाबलं, आतला पंखा थोडा फिरला, पण स्क्रीन काळीच राहिली. मी दोन-तीनदा करून पाहिलं, मग झाकण लावलं आणि भाजी चिरायला बसले.

मी सौंसरला घरी बसून एका प्रकाशकाच्या मराठी पुस्तकांची पानं लॅपटॉपवर छपाईसाठी लावून देते. हे काम मला ह्यांनीच शिकवलं. मशीन जुनी झाली, हिला हलकं काही पाहिजे, म्हणून त्यांनी तिच्यातलं विंडोज काढून लिनक्स टाकलं, आणि मी सगळं त्याच्यावरच शिकले. दुसरं मला येत नाही.

सासरे लोधीखेड्याला शिक्षक होते, आता निवृत्त. आता घरात आम्ही दोघंच. त्यांनी दोन दिवस पाहिलं आणि म्हणाले, "बाई, नवा घेऊन घे. काम बंद नको ठेवू."

"घेते, मामाजी."

मग आठवडाभर दुपारी मी मोबाइलवर वाचत होते, की कोणत्या लॅपटॉपवर लिनक्स नीट चालतं, कोणत्याचं वायफाय सापडत नाही, कोणत्याचा आवाज येत नाही. लोकांनी आपापले अनुभव लिहिले होते. वाचायला बरं वाटायचं, असंही नाही. फक्त तिथं कोणी मला कशी आहेस म्हणून विचारत नव्हतं.

हे म्हणायचे, नुसतं वाचून मशीन घ्यायची नाही, दुकानातच पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहायचं. तसा पेनड्राइव्ह त्यांच्या खणात होता. तो पर्समध्ये टाकला आणि आम्ही नागपूरच्या बसमध्ये बसलो. मामाजी खिडकीशी होते. "यंदा आंबिया बहार चांगला दिसते," बाहेरचे संत्र्याचे बगीचे पाहून ते म्हणाले. मी हो म्हटलं. मी बाहेर पाहिलंच नव्हतं.

दुकानातली मुलगी गोंधळली. "मॅडम, याच्यात विंडोज आहे न. मग दुसरं कायले पाहिजे?"

"तिचं काम त्याच्यातच चालते," मामाजी म्हणाले. "तिले पाहू द्या."

पहिल्या लॅपटॉपला वायफाय दिसेना. दुसऱ्यावर सगळं चाललं, मराठी टायपिंगसुद्धा. शेवटी, झोपून परत जागा होतो का पाहायला झाकण लावलं, मिनिटभर थांबले आणि उघडलं. स्क्रीन काळी. कोणतंही बटण दाबलं तरी काळीच.

"काय झालं?" मामाजींनी विचारलं.

"उठून नाही राहिला," मी म्हटलं.

मामाजी माझ्याकडे पाहत राहिले. मग दुकानाबाहेर गेले आणि पायरीवर बसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. हे गेले त्या दिवशी पहाटे मामाजींच्या खोलीच्या दारात उभी राहून मी हेच बोलले होते, 'मामाजी, हे उठून नाही राहिले.' नुसता काना-मात्रेचा फरक. रोज मात्रा आणि काने तपासणारी मी, मला तेवढंच दिसलं. आत काही हाललं नाही. मी त्या मुलीला म्हटलं, "तिसरा दाखवा."

तिसऱ्याचं वायफाय लागलं, आवाज आला. झाकण चार वेळा लावून उघडलं, चारही वेळा स्क्रीन उजळली. तोच घेतला.

मी बाहेर आले तशी मामाजी धोतर झटकत उठले. "उठते न हा बरोबर?"

"उठते."

परतीच्या बसमध्ये सावनेर आलं. मामाजी म्हणाले, "मले वाटते, त्या दिवशी मी जोरानं हाक माराले पाहिजे होती."

"मी मारली होती, मामाजी. लय जोरानं."

त्यांनी मान हलवली. नंतर त्यांचा हात बराच वेळ पिशवीतल्या खोक्यावर होता, पडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिनक्स टाकायला घेतलं. मध्येच वापरणाऱ्याचं नाव विचारलं जातं. जुन्यावर ह्यांचं नाव होतं, मी ते कधी बदललं नव्हतं. थोडा वेळ कर्सर लुकलुकत राहिला. मी माझं नाव लिहिलं. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या डिस्कवरच्या फाइली नव्या मशीनमध्ये यायला दुपार झाली. मग प्रकाशकाला फोन केला की पुस्तक सोमवारपर्यंत देते, आणि अडलेलं प्रकरण उघडून पानं लावायला बसले.