आधी मी पिऊन बघते

सुपरमार्केटमध्ये भिंग घेऊन जाणारी एकच बाई मी पाहिली, ती म्हणजे बर्मिंगहॅमच्या आमच्या घरमालकीणकाकू. पाकिटामागची बारीक अक्षरं त्या वाचायच्या आणि एखाद्या नावाशी अडखळल्या की पाकीट परत फळीवर ठेवायच्या. "ज्याचं नाव मला घेता येत नाही, ते माझ्या घरात येणार नाही," हा त्यांचा कायदा. अख्खं अथर्वशीर्ष पाठ असलेली बाई, पण 'अ‍ॅसेसल्फेम'पाशी जीभ अडायची.

दोन हजार तीन-चार साली मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. काकांना डायबिटीस होता, म्हणून चहा गोड करायच्या गोळ्यांची डबी तेवढी कायद्याला अपवाद होऊन टेबलावर असायची. एके दिवशी नागपूरच्या भाचीची ईमेल आली, की या गोळ्या मेंदू पोखरतात. काकूंनी डबी तडक कचऱ्याच्या बिनमध्ये टाकली आणि चहात गूळ घालायला सुरुवात केली. "गूळ काय केमिकल आहे?" त्या म्हणायच्या. काका मला हळूच म्हणाले, "इतका छान चहा लग्नानंतर पहिल्यांदाच मिळतोय. मी कशाला बोलू?"

सर्जरीतल्या, म्हणजे तिथल्या दवाखान्यातल्या, नर्सने रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि दोघांना समोर बसवलं. गूळही शेवटी साखरच, आणि ती ईमेल म्हणजे निव्वळ अफवा, असं तिने नीट समजावलं. "तिला काय कळतंय गुळातलं," म्हणत काकू घरभर धुमसत राहिल्या. पण त्याच आठवड्यात स्टॉपवर समोर आलेल्या बसचा नंबर काकांना वाचता येईना. त्या संध्याकाळी काकू जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी डबी आणली. काकांना मात्र बिनसाखरेचा चहा दिला आणि दोन गोळ्या स्वतःच्या कपात टाकल्या. पहिला घोट त्यांनी डोळे मिटून घेतला.

"काकू, नर्स म्हणाली ना, काही होत नाही?"

"म्हणू दे. आधी मी पिऊन बघते. पोखरायचा तर माझा मेंदू पोखरू दे."

आठवडाभर हे चाललं, मग डबी काकांकडे गेली. "हिच्यात काही बदल झाला असता, तरी आपल्याला कळलं कसं असतं?" काका म्हणाले. काकू हसल्या नाहीत. इतकं भिऊन इतकं प्रेम करणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. काकांची शुगर हळूहळू आटोक्यात आली आणि नजर टिकली.

पुढे मी एडिनबराला गेलो. काका वारल्याचं कळल्यावर भेटायला आलो, तेव्हा काकूंनी मला साखरेचा चहा दिला आणि स्वतःच्या कपात दोन गोळ्या टाकल्या.

"काकू, तुम्हाला कुठे डायबिटीस आहे?"

"नाही रे. सकाळ-संध्याकाळ ह्यांचा कप हातून होतोच. केलेला टाकवत नाही, मग पिते."