पंतप्रधानांच्या वहीतली मतं

ईरा, निखिल — हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही, आणि त्यांच्यापासून मी सहसा काही लपवत नसे. तुम्हाला सांगायचं ठरवून चार वेळा कागद पुढे घेतला. चारही वेळा इथल्या, केजच्या उन्हाबद्दल लिहिलं आणि पाठवून दिलं.

पंतप्रधानांची वही तुम्हाला माहीतच आहे. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा ठरवलं — भारताच्या पहिल्या पंतप्रधानांपासून आजपर्यंत, प्रत्येकाचं एक तरी चरित्र वाचायचं. क्रमाने, मधला कोणी न गाळता. प्रत्येकाला वहीत दोन पानं: डावीकडे जन्म, शिक्षण, कारकीर्द, उजवीकडे तळाशी 'माझं मत'. पान पुरं झालं की फोटो काढून तुम्हाला मेलबर्नला. आठ वर्षं लागली. एकही पुस्तक अर्धवट सोडलं नाही — तेवढं खरं आहे. मग खोटं काय?

थांबा, आधी कौसाबाईचं सांगते. मागच्या गल्लीत राहते. तुम्ही शेवटचे आलात तेव्हा ती अजून नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. दिवाळी झाली की टोळीच्या ट्रॅक्टरवर चढायचं, ते पाडव्याच्या सुमाराला परत. आता गुडघे गेले. दुपारी माझ्याकडे येते, ज्वारी निवडते, शेंगा फोडते, आणि मी वाचते ते ऐकते. पुस्तकं बहुतेक इंग्रजी. मी पान वाचायची आणि तिला मराठीत सांगायची. तिला अक्षरओळख नाही. पण ऐकणं! माझ्या वर्गात तसं कोणी कधी ऐकलं नाही.

पहिल्या चौघांबद्दलची मतं माझी आहेत. काढून बघा — 'कर्तव्यदक्ष आणि दूरदृष्टीचे.' चौघांनाही जवळजवळ तेच.

मग एक असे आले, ज्यांना खुर्ची फार थोडे दिवस मिळाली. त्यांच्याबद्दल काय लिहावं, सुचेना. कौसाबाई सुपातली ज्वारी पाखडत म्हणाली, "ताट वाढायच्या आत पाव्हणा उठून गेला, तर सैपाक खारट का अळणी, त्याला काय ठावं?" मी हसले. आणि ते लिहून टाकलं — शुद्ध भाषेत, 'माझं मत' या शब्दांखाली.

लगेच तुमचा फोन. आजी, भारी! — मला किती बरं वाटलं, कसं सांगू? एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण भारी कोणी म्हटलं नव्हतं.

त्यानंतर मी स्वतःचं मत लिहिलंच नाही. वाचायची, आणि थांबायची. कशासाठी थांबते, हे मला ठाऊक होतं. "मुकादमाला टोळीतल्या लेकरांची नावं ठावं असली, की टोळी पळून जात न्हाई, बाई" — हे तिचं. निखिल, तू विचारलंस, आजी, मुकादम म्हणजे कोण, आणि तुला तो कुठे भेटला? टोळीचा म्होरक्या, एवढं सांगून मी विषय बदलला. आणि ईरा, तुला सगळ्यात आवडलेला तो प्रश्न — ते देश चालवत होते, तेव्हा त्यांच्या घरी भाकरी कोण थापत होतं, हे पुस्तकात का नाही? — ज्यावर तू कॉलेजात निबंध लिहिलास, तोही तिचाच.

याला चोरी म्हणायची का? म्हणायचीच. पण मला बोचतं ते याहून वेगळं.

वही पुरी झाली त्या दिवशी तुम्ही व्हिडिओ कॉल केलात, आठवतं? ईरा, तू तो प्रश्न मोठ्याने वाचलास, तुझ्या त्या अडखळत्या गोड मराठीत. म्हणालीस, निबंध छापून आलाय, आणि वर लिहिलंय — 'माझ्या आजीच्या प्रश्नातून'. मग विचारलंस, हे तुला सुचतं कसं गं? कौसाबाई माझ्या पायाशी बसली होती, शेंगांचं टोपलं घेऊन. तिचे हात थांबले. तिने वर पाहिलं. मला फक्त फोन जरा खाली करायचा होता — वीतभर.

मी तो पुस्तकांच्या कपाटाकडे वळवला. म्हणाले — वाचनाने सुचतं, बाळा.

फोन ठेवल्यावर तिच्याकडे बघवेना. तिने दोन शेंगा फोडल्या. वाटलं, आता म्हणेल — लई शाण्या झालात की बाई! टोमणा मारण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

"बोलण्याचं काय, वाऱ्यावर जातंय," ती म्हणाली. "पण फोन जरा इकडं केला असता, तर लेकरं मला बी दिसली असती की. आठ वर्सं झाली, नुसती नावंच ऐकायले मी."

चहा टाकायला उठले, आणि तिच्या कपात साखर एक चमचा जास्त घातली.