खालच्या अर्ध्या पानातलं माकड

मी शूर आहे, हे अख्ख्या झाशीत फक्त एकाच व्यक्तीला ठाऊक होतं. त्या व्यक्तीचे दुधाचे दात अजून पडायचे होते.

ती म्हणजे माझी नात सई. आमची सून इथल्याच मोठ नावाच्या गावची, हिंदी बोलणारी, त्यामुळे घरातला सगळा कारभार हिंदीत. सईला मराठी समजतं, पण तोंडातून निघत नाही. तिनं एकदा तरी आपल्या भाषेत बोलावं म्हणून रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून मी तिला रोज गोष्ट सांगायचो. तिची आवडती गोष्ट एकच : स्वयंपाकघरात माकड शिरलं आणि आजोबांनी त्याला हाकलून लावलं. (माकड खरंच आलं होतं. पुढचं सगळं साहित्य.)

झाशीच्या दुकानांत चित्रांचं मराठी पुस्तक कुठून मिळणार? म्हणून मराठी मंडळाच्या बालमेळाव्यासाठी मी स्वतःच एक करायला घेतलं. जाड कागदाच्या प्रत्येक पानावर वरच्या अर्ध्यात वळणदार अक्षरात मजकूर लिहिला आणि खालचा अर्धा भाग बायकोच्या हवाली केला. सुधाचा हात चांगला आहे. तिची रांगोळी बघायला येणारेजाणारे आमच्या दारात थांबतात.

“काय काढू?” तिनं विचारलं.

“काढ घडलं तसं. चित्रं काय, शोभेला असतात.”

हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत असताना बोललो.

मेळाव्याच्या सकाळी पुस्तक शिवून तयार झालं. मी ऱ्हस्व-दीर्घ तपासले. खाली रंग दिसत होते, तेवढं मला पुरलं.

गोष्ट मला पाठ होती, म्हणून पुस्तक मुलांकडे तोंड करून धरलं. “माकड आलं! पण आजोबा जराही डगमगले नाहीत.” मुलं हसली. पान उलटण्याआधी थोडं थांबलं की उत्कंठा वाढते, असं मी कुठंतरी वाचलं होतं. “आजोबा ताडकन उठले आणि... कुठे गेले असतील?” पान उलटलं. पोरं खुर्च्यांवरून खाली आली! मागे पालक रुमालात तोंड खुपसून बसले होते. मला वाटलं, कोण म्हणतं इथं मराठी संपली? मी आवाज चढवला. “आजोबांनी अशी गर्जना केली, की माकड थरथर कापू लागलं!”

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. “दादाजी, बाथरूम में आप ही हैं न?”

“कौन से बाथरूम में, बेटा?”

“ये वाले में.”

मी पुस्तक स्वतःकडे वळवलं. ओट्यावर माकड आरामात पुरणपोळी खात होतं. सुधा लाटणं घेऊन त्याच्यासमोर उभी होती. आणि बाथरूमच्या दाराच्या फटीतून एक टक्कल, एक चष्मा आणि माझा चॉकलेटी मफलर बाहेर डोकावत होता. मफलरची वीण न् वीण ओळखू येत होती.

हॉलमध्ये एकटी सई हसत नव्हती. ती चित्राकडे बघायची, मग माझ्याकडे, परत चित्राकडे. मला इतकी लाज वाटली की पुस्तकाचं शेवटचं पान मी तोंडापुढे धरून वाचलं. (त्या पानावर मी कडी काढून “गेलं का?” असं विचारत होतो.)

“अगं, निदान बाथरूम तरी गाळायचं,” घरी आल्यावर मी म्हणालो.

“तुम्हीच म्हणालात, घडलं तसं काढ,” सुधा शांतपणे भाजी निवडत म्हणाली. “वरचं तुमचं एक अक्षर तरी बदललं का मी?”

त्यानंतर सईनं माझ्याकडे गोष्ट मागितली नाही. रोज ते पुस्तक उघडून एकटीच खालचा अर्धा भाग वाचत बसायची. मला फार वाईट वाटायचं, पण कुठल्या तोंडानं बोलणार?

मग एका दुपारी अंगणाच्या भिंतीवर खरंच माकड येऊन बसलं. सई धावत आली, माझं बोट धरून मला थेट बाथरूमपाशी घेऊन गेली आणि आत ढकलत म्हणाली, “आजोबा, तुम्ही आत जा. कडी लावा. घाबरू नका, मी आजीला बोलावते.”

सगळं मराठीत! एकही हिंदी शब्द नाही. ऐकून माझे डोळे भरून आले. अर्थात, कडी लावून झाल्यावर.