अठरा सेकंदांची शंका

मुकादमकाकांना कुणी नुसता एक आकडा सांगितला की ते तो कानावरच घेत नसत. एकदा मला ताप आला. आई जिन्याखालून म्हणाली, "भावजी, एकशे दोन हाय." वरून आवाज आला, "काल किती होता? सकाळी किती होता?" आईने ताप पहिल्यांदाच मोजला होता. "मग मला सांगू नका. एकट्या आकड्याशी मी बोलत नाही." एवढा तोरा दाखवून काका खाली आले आणि दर दोन तासांनी ताप मोजत संध्याकाळपर्यंत माझ्या उशाशी बसले.

काका मूळचे श्रीवर्धनकडचे. बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत सांख्यिकी सहायक होते आणि करावे गावात आमच्या माडीवर भाड्याने राहत. माझे वडील मी लहान असतानाच गेलेले. घरात आई आणि मी, माडीवर काका आणि त्यांचे कागद. नव्वदच्या दशकात आजूबाजूला दर वर्षी नवी सोसायटी उभी राहत होती, पण गावातलं आमचं चालणं-बोलणं जुनंच होतं.

गावाच्या मंडळाची दर सव्वीस जानेवारीला दौड असे, करावे ते बेलापूर. वेळ घ्यायचं काम काकांकडे, कारण गावात स्टॉपवॉच फक्त त्यांच्याकडे होतं. जिंकणाऱ्या मुलाची आणि मुलीची वेळ ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या आलेखाच्या कागदावर मांडत. आडवी वर्षं, उभी मिनिटं. मुलांचे ठिपके निळे, मुलींचे लाल. वेळ कमी होत गेली की ठिपके उतरत जात. त्यांच्यामधून काका एक रेषा काढत. कचेरीच्या मराठीत याला समाश्रयण म्हणतात, कॉलेजात रिग्रेशन. काकांना दोन्ही शब्द नावडते. ते म्हणत, "ओढ. एकेक ठिपका आपल्या मर्जीने उडतो गो, पण सगळ्यांची मिळून एक ओढ असते. ती शोधायची." पट्टी लावण्याआधी ते पानभर गुणाकार-भागाकार करत. नजरेच्या अंदाजाने काढलेली रेषा त्यांना चालत नसे. "नजर लबाड. तिच्या आवडीचा पोरगा ती जिंकवते."

मी एकदा त्यांना डिवचलं. "काका, रेषा अशीच उतरत राहिली तर एक दिवस पोरगी निघायच्या आधीच पोचेल."

"कागद संपला की माझी रेषा संपली," ते शांतपणे म्हणाले. "पुढचं ज्योतिषाला विचार."

अकरावीत असताना ती दौड मी जिंकले. त्या वर्षी पहिल्या येणाऱ्या मुला-मुलीला जिल्ह्याच्या निवड चाचणीत पळायला मिळणार होतं. मी घरी येऊन पाय धुते न धुते तोच मंडळाकडून निरोप आला की मुलींचा निकाल थांबवला आहे. मी मधल्या खाजणाच्या बांधावरून आडवाटेने गेले, असा संशय होता. पाहिलं कुणीच नव्हतं. वेळ फार चांगली आली, एवढाच पुरावा.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या खोलीत बैठक झाली. अध्यक्ष गुरुनाथशेठ म्हणाले, "मुकादम, टेन्शन नका देऊ. गेल्या सालच्या पोरीपेक्षा ही सव्वादोन मिनिटं आधी आली. एका सालात एवढं कमी होतं काय?"

आई उभी राहिली. "माजी पोर पलाली ती रस्त्यानंच पलाली. तुमाला दिसली नाय तं तुमचे डोले तपासा."

काकांनी कपाटावरून सोडवून आणलेला कागद टेबलावर पसरला. "शेठ, तुम्ही गेल्या वर्षाशी बोलताय. मी आठ वर्षांशी बोलतोय. गेल्या वर्षी पाण्याच्या पाइपासाठी रस्ता खणला होता, सगळ्यांना वळसा पडला. हे बघा, त्या साली लाल ठिपका वर उडालाय, आणि निळाही उडालाय. म्हणून ते वर्ष दोन्ही रेषांतून काढलंय. लाल रेषेच्या अंदाजापेक्षा ही पोरगी फक्त अठरा सेकंद पुढे आहे."

"म्हणजे तुमची ग्यारंटी? हिने चोरी नाय केली?"

"नाही," काका म्हणाले. "तशी ग्यारंटी रेषा देत नाही."

मला त्या क्षणी काकांचा भयंकर राग आला. एक 'हो' म्हणायला यांचं काय जात होतं? गुरुनाथशेठ खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, मग पोरीला रविवारी पुन्हा पळवू, सोबत सायकलवर माणूस देऊ.

"द्या," काका म्हणाले. "सायकली मात्र दोन लागतील. निळ्या रेषेच्या अंदाजापेक्षा यंदाचा मुलगा पस्तीस सेकंद पुढे आहे. अठराची शंका येते, तर पस्तिसाची आधी यायला हवी."

यंदा जिंकलेला मुलगा म्हणजे गुरुनाथशेठांचा पुतण्या. खोलीत कुणी हसलं नाही, पण दाराशी उभ्या असलेल्या बायका हसल्या. मी पहिल्यांदाच ताठ मानेने त्या टेबलासमोर उभी राहिले आणि म्हणाले, तो पळणार असेल तर मीही पळते. नाहीतर नाही.

तो पळणार नव्हता. मंडळाने मुलींचा निकाल रद्द केला. काकांनी खिशातून चाचणीचा फॉर्म काढला, तिथेच टेबलावर ठेवून माझी वेळ लिहिली आणि खाली सही केली. गुरुनाथशेठ उठलेच. "मंडळाच्या सहीबिगर?"

"यावर मंडळाची सही मागितलेलीच नाही. वेळ घेणाऱ्याची मागितलीय. वेळ मी घेतली."

त्या सहीने मी चाचणीला गेले. दौडीच्या कामाला काकांना मंडळाने पुन्हा हात लावू दिला नाही, आणि त्यांनीही विनंती केली नाही.

चाचणीत मी सहावी आले. निवड झाली नाही. परतताना एसटीत मी रडत होते. "आता सगळे म्हणणार, बघा, चोरच होती."

"म्हणू देत," काका म्हणाले. "तू हरलीस. हरणं खरं आहे, ते आपण लिहून ठेवू. चोरी त्यातून निघत नाही. ज्याला ती काढायची असेल त्याने गुणाकार करून दाखवावा." मग त्यांनी मला माझी वेळ विचारली. मी सांगितली, त्यांनी ती लिहून घेतली, आणि रडं आपोआप थांबलं. त्या 'नाही'चा माझा राग तिथे गेला. न कळलेलं कळलं म्हणून जो सांगत नाही, त्याच्या सहीला वजन असतं, हे मला त्या एसटीत उमगलं.

काका निवृत्त होऊन श्रीवर्धनला गेले आणि चार वर्षांपूर्वी वारले. मंडळाच्या नव्या खोलीत आता विजेत्यांचा संगमरवरी फलक आहे. माझ्या वर्षाला मुलींच्या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे. गेल्या वर्षी नवा सचिव घरी आला. भला मुलगा. म्हणाला, "ताई, जुनं सोडा. तुमी एक साधा अर्ज द्या, आमी नाव टाकून देतो."

मी त्याला चहा दिला, खारे काजू दिले. अर्ज दिला नाही. म्हटलं, "निकाल मंडळाने रद्द केला होता. चुकलो, असा अर्ज मंडळाने लिहावा. मी मंजूर करते."