अखजीचा बोल

हे मी कोणाजवळच बोलली नाही. पोरीजवळ नाही, बहिणीजवळ नाही. देवाजवळबी नाही — त्याले तं माहीतच आहे, त्याले काय सांगायचं? तुम्ही ना ओळखीचे ना पाळखीचे, म्हणून तुमच्याजवळ लिहून राह्यली. शाळा मी पाह्यली नाही. दुकानातल्या ऑइलच्या डब्यांवरची अक्षरं लावू लावू शिकली, तेव्हा चुकलंमाकलं समजून घ्या.

यवतमाळले आमचं मोटर दुरुस्तीचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर, मधात एक दार. आमचे हे शेतकऱ्याचे पोर — दुकान मोटरीचं, पण डोकं बैलबंडीचंच. खेड्यात सालदार ठेवतात ना? अखजीले, म्हणजे अक्षय तृतीयेले, बोली करायची अन् पुढच्या अखजीपर्यंत तो माणूस तुमचा. तसेच यांनी मिस्त्री ठेवले. कागद नाही, सही नाही. बोलायचं, चहा प्यायचा, झालं. अन् सालदारीतला तो फासही तसाच उचलून आणला — मधातच काम सुटलं तं त्या माणसानं 'साल मोडलं', मग त्याले दुसऱ्या कोणी ठेवायचं नाही. गावातले सारे दुकानवाले हे पाळत.

पुंडलिक मिस्त्री आमच्याकडं आधीपासून होता. नागपूरले त्याच्या लोकांनी दीक्षा घेतली, त्यानंतरच्या अखजीले तो बोली करायले आला. एरवी उंबऱ्याबाहेर उभा राहे. त्या दिवशी आत आला अन् बाकड्यावर बसला.

"मालक, बाकी सारं मागच्यासारखंच. फक्त दसऱ्याले मी येनार नाही. आमी नागपूरले जातो."

दसऱ्याले दुकानात पान्या-हातोड्यांची पूजा असते, सारे मिस्त्री येतात. पण हे हसले. "जाशील ना बापा! पाना काय तुह्यावाचून रुसून बसते?"

मी चहा घेऊन दारातच होती. पुंडलिक मले म्हणे, "वयनी, तुमी साक्षी बरं." मी त्याले घरच्या कपात चहा देल्ला. पहिल्यांदाच. अन् खरं सांगू? मलेच वाटलं, मी किती मोठ्या मनाची.

मग दसरा आला. एका कापूसवाल्या शेठचा ट्रक आमच्या दारात इंजिन खोलून पडलेला. नवा कापूस निघालेला, त्याले घाई. पुंडलिक नागपूरले. शेठ भर रस्त्यात यांना म्हणे, "दुकानाचा मालक तू का तो?" चार लोकं हसले. ते यांच्या जिव्हारी लागलं.

पुंडलिक परत आला तं यांनी त्याले पान्याले हात लावू देल्ला नाही. "साल मोडलं तू." त्याले आधी मस्करीच वाटली. मग त्यानं स्वतःच बाकीच्या दुकानवाल्यांना बोलावून आणलं — त्यांच्यापुढं खरं ठरलं नाही तं त्याच्या हाताले गावात कामच उरत नव्हतं. सारे बाकड्यावर बसले. हे म्हणाले, "असं काही ठरलंच नव्हतं." पुंडलिक तरी शांत. म्हणे, "वयनीले इचारा. वयनी खोटं नाही बोलनार."

मले दारात बोलावलं. अन् मी —

यांनी डोळे वटारले का? नाही. कधी हात उचलला होता का? नाही. नुसते पाठमोरे बसले होते, मान खाली घालून. मी त्या पाठीकडं पाह्यलं. काहून भ्याली मी त्या पाठीले? एवढं वय झालं, अजून सांगता येत नाही.

मी म्हणली, "मी चुलीजवळ होती. मले काही आयकू आलं नाही."

एक दुकानवाला म्हणे, "बाईमाणसाले फोडणीच आयकू येते." सारे हसले. पुंडलिक नाही हसला. हळूच म्हणे, "वयनी, चहा तं तुमीच आनलता ना?"

मी दार लोटून घेतलं.

मग त्याले कोणीच ठेवलं नाही. अखजी आली अन् गेली, तरी नाही — साल मोडणारा म्हणून नाव पडलं ते पडलंच. तो जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचे बोजे उचलाले लागला. बाजारात भेटला तं बाजूले होऊन वाट दे. अन् म्हणे काय? "बऱ्या आहा ना, वयनी?" शिव्या देल्ल्या असत्या तं मी घरी येऊन निजली असती. त्यानं मरेपर्यंत मले वयनीच म्हणलं.

आता तो नाही. हे नाहीत. बाकड्यावरचं कोणीच राह्यलं नाही. ऐकणारं कोणी नसताना साक्ष कोणापुढं द्यायची?

तरी लिहून ठेवते. त्या दिवशी मी चुलीजवळ नव्हती. मी दारातच होती, चहा माह्याच हातात होता. हे म्हणाले होते, "जाशील ना बापा." मी ऐकलं होतं.